गाठोडं नव्हे, नाना

गेल्या माघात मी लेकीला छातीशी बांधून दासगावच्या एसटी थांब्यावर उभा होतो. लेक सात महिन्यांची, वजनानं साडेसात किलो, गाढ झोपलेली. रस्त्यापलीकडून नाना आले. नाना माझे चुलत चुलते. समोर चार माणसं ऐकायला उभी आहेत असं धरूनच ते नेहमी बोलतात, आणि त्या दिवशी ती खरोखरच होती. नानांनी चष्मा कपाळावर चढवला, लेकीच्या लोंबत्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरीला गाठोड्यासारखं काय बांधलंयस? घरात बाईमाणूस नाही काय?"

थांब्यावर हशा झाला. मीही हसलो, कारण गाडी येत होती. पण नाना एकदा धरलेला विषय सोडत नाहीत. शिमग्यात पालखी सहाणेवर आली तेव्हा त्यांनी पुन्हा माझ्या पट्ट्यांचा विषय काढला, आणि या वेळी रीतसर मुद्दे मांडले. आपल्या बायांनी असली थेरं कधी केली नाहीत, पोरं कडेवरच वाढली. पाय फाकवून बांधलं की पोर फेंगडं होतं. छातीशी आवळलं की जीव घुसमटतो. आणि अंगाची सवय लागली की ते पुढे खाली म्हणून राहत नाही. शेवटी हुकमाचं पान टाकलं: "हिरकणीनं काय बांधलं होतं रे?"

पालखीसमोर वाद नको म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. चारांतला एक मुद्दा नानांचा खरा आहे, नव्हे, त्यांना वाटतो त्याहून खरा आहे. कोणता ते ओघात येईलच. बाकीचे मात्र मला मान्य नाहीत.

हिरकणीपासूनच सुरुवात करतो. रायगड आमच्या तालुक्यातला. महाडवरून पाचाडला गेलं की समोर उभा. हिरकणीची गोष्ट आम्ही पाळण्यात ऐकलेली. पायथ्याच्या गावची गवळण दूध घालायला गडावर गेली, कोजागिरीचा दिवस, सांज झाली, दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हं पोर एकटं म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. नाना, या गोष्टीतली गाठच ही आहे की पोर तिच्याबरोबर नव्हतं. ते पाठीशी असतं तर तिनं दरवाजाशी बसून त्याला पाजलं असतं, पहाटे दरवाजे उघडल्यावर पायऱ्यांनी खाली गेली असती, आणि महाराजांना तिथं बुरूज बांधायचं कारण पडलं नसतं. हिरकणी ही पोर घरी ठेवून कामाला जाणाऱ्या बाईची गोष्ट आहे. एसटीनं स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी खोल्या केल्या आणि त्यांना 'हिरकणी कक्ष' म्हटलं. ते नाव देणाऱ्याला गोष्ट नीट समजली होती. आपण मात्र तिच्या धाडसाला हार घालतो आणि तिच्या अडचणीकडे पाठ करतो.

जाता जाता, झाशीच्या राणीचंही तेच. पाठीशी पोर बांधलेला घोड्यावरचा पुतळा आपल्याला प्रिय. आपल्या डोळ्यांसमोर असलेलं बाळाला बांधण्याचं सगळ्यांत ठळक चित्र तेच असेल. पण दामोदररावांचा जन्म १८४९चा. १८५८ साली ते आठ-नऊ वर्षांचे होते. तेवढा मुलगा पाठीशी बांधून घोडा फेकायचा हे तान्ह्या बाळापेक्षा कितीतरी अवघड काम, आणि शिल्पकारांनी ते अर्ध्या वजनावर आणून ठेवलं.

आता 'आपल्या बाया'. माझी आजी दासगावहून महाडच्या बाजाराला चालत जायची. पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. ही वाट साधी नव्हे. २५ डिसेंबर १९२७ला डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीनं येऊन इथं दासगाव बंदरावर उतरले. मोटारमालकांचा बहिष्कार होता, म्हणून जलमार्ग. बंदरावर हजारो माणसं वाट पाहत होती, आणि तिथून सगळे याच वाटेनं चालत महाडच्या परिषदेला गेले. वाटेचा मान मोठा, पण पायांना मान कळत नाही, अंतर कळतं. बाईमाणसाचं पाऊल साधारण दोन फुटांचं धरलं तर आठ किलोमीटरला तेरा हजार पावलं होतात. कडेवर पोर म्हणजे या प्रत्येक पावलाला कंबर एका बाजूला काढलेली, खांदा उलट्या बाजूला झुकलेला आणि एक हात अडकलेला. दुसरा हात डोक्यावरच्या पाटीला. आजी म्हातारपणी उभी राहायची तीही तशीच, डावी कंबर बाहेर काढून, कडेवर पोर नसताना. आम्ही नातवंडं तिची नक्कल करायचो. ते हसण्यासारखं नव्हतं हे मला चाळिशीत कळलं.

आणि कडेवर फक्त घराघरांतली पोरं होती हो नाना. शेतावर, भट्टीवर, डोंगरात जाणाऱ्या बायांनी पोर कायम बांधलेलंच आहे. कातकरीण खांद्यावरून तिरकी झोळी घालते, पोर कुशीला बसतं आणि दोन्ही हात मोळीला मोकळे राहतात. नानांच्या 'आपल्या बायां'त ही कातकरीण येत नाही, म्हणून त्यांना असं बांधणं परदेशी वाटतं. परदेशी लोकांनी ते घेतलं कुठून? अ‍ॅन मूर नावाची एक अमेरिकन परिचारिका १९६०च्या दशकात आफ्रिकेत टोगोला होती. तिथल्या बायका पोरं पाठीशी बांधून बिनघोर हिंडताना तिनं पाहिल्या आणि घरी परतून आईच्या मदतीनं पट्ट्यांची पिशवी शिवली. १९६९ला तिला पेटंट मिळालं. जर्मनीत १९७२च्या सुमाराला जुळ्यांच्या एका आईनं मेक्सिकोची शाल गुंडाळून पोरं वागवली आणि पुढे त्याच कापडाचा कारखाना काढला. आज तसली साडेचार मीटरची विणलेली पट्टी कित्येक हजारांना विकतात. आमच्या आजीचं नऊवारी सव्वाआठ मीटर होतं. त्यात दोन पोरं मावली असती.

फेंगड्या पायांचा मुद्दा नानांनी सगळ्यांत जोरात मांडला, आणि तो साफ चुकीचा आहे. दीड वर्षापर्यंत बहुतेक सगळ्या पोरांचे पाय थोडे बाहेर वाकलेलेच असतात. पोटात दुमडून राहिलेल्या पायांची ती खूण. पुढं तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलट होतं, गुडघे एकमेकांना घासतात, आणि सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे पाय आपोआप सरळ होतात. पण नानांनी बांधलेलं पोर पाहिलं, त्याचे पाय पाहिले आणि जोडी लावून टाकली. पाय खरोखर वाकडे राहतात ते मुडदुसानं, ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं. त्याचा झोळीशी काडीचा संबंध नाही.

खुब्याचं तर उलटंच आहे. जन्मल्यावर काही महिने पोराचा खुबा कोवळा असतो, मांडीच्या हाडाचं टोक वाटीत नीट बसायचं असतं, आणि ते बसायला मांड्या फाकलेल्या, गुडघे दुमडलेले असणंच बरं. कडेवर पोर कसं बसतं ते आठवा, बेडकासारखं. तेच योग्य. घातक काय, तर पाय सरळ ताणून करकचून बांधणं. म्हणजे आपण दुपट्यात करतो ते. बाळंतिणीच्या खोलीत कौतुकानं सुरळी करून ठेवतो ना, पाय काठीसारखे सरळ, ते. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'बाळाचे पाय सरळ ताणून गुंडाळू नका' अशी मोहीम घेतली, आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. तेव्हा नाना, फेंगडेपणाची एवढी काळजी असेल तर माझे पट्टे सोडा आणि घरचं दुपटं सैल करा. वरचं अंग गुंडाळा, पायांना आत लाथा मारायला जागा ठेवा.

इथं माझी फजिती सांगायला हवी, कारण विकत घ्यायला गेलं की हाच मुद्दा कामी येतो. पहिला कॅरिअर मी ऑनलाइन घेतला, स्वस्तातला, फोटो पाहून. आला तेव्हा कळलं की पोराच्या दोन पायांमधली पट्टी चार बोटं रुंद. लेक त्यात बसत नव्हती, लोंबत होती, वजन सगळं जांघेत. गांधारपाल्याच्या लेण्यांपर्यंत गेलो. पायऱ्या चढून वर पोचलो तर तिच्या मांडीला आतून लाल रेघ, आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर पट्टे रुतलेले. कमरेला पट्टाच नव्हता, म्हणजे सगळं ओझं मानेवर. अशा अरुंद पट्टीनं धडका खुबा निखळतोच असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हेही खरं. पण घटकाभरात पोर रडतं आणि मान आखडते, एवढा पुरावा मला पुरला. तो कॅरिअर आता गोठ्यात खुंटीला आहे, त्यात कोयता राहतो.

दुसरा घेताना दुकानात साडेसात किलोची तांदळाची पिशवी मागितली. दुकानदाराला वाटलं मी थट्टा करतोय. पिशवी आत घातली, पट्टे आवळले आणि दुकानाला दहा फेऱ्या मारल्या. लांब चालायचं तर ओझं कमरेवर बसलं पाहिजे, खांद्यांनी ते फक्त तोल धरून ठेवायचं. पट्टा कमरेच्या हाडावर टेकतो की पोटात रुततो, हे उभं राहून कळत नाही, चालल्यावरच कळतं. बसायची पट्टी पोराच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर. कापड सुती आणि एकपदरी. कोकणात दोन माणसांची उष्णता एका कापडात कोंडते. कॅरिअर म्हणजे अंगावरचा आणखी एक कपडा, म्हणून आत पोराला झबलं पुरे. पावसात आपल्या रेनकोटची चेन पोरावरून ओढायची नाही. छत्री घ्यायची, किंवा इरलं असेल तर आणखी चांगलं, ते पाठीवर बसतं आणि पुढं वारा राहतो. खाडीत होडीत बसायचं तर पोर आधी सोडून हातात घ्यायचं. पाण्यात बांधलेलं पोर कुणाला वाचवता येत नाही. बाळंतपण शस्त्रक्रियेनं झालं असेल तर आईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमरेचा पट्टा लावायचा नाही, तो नेमका टाक्यांवर येतो. इतकं पाहिलं की ब्रँड कुठला याला फारसा अर्थ उरत नाही. तांदूळ वळवळत नाहीत, लेक वळवळते, एवढा फरक घरी आल्यावर कळला.

अंगाच्या सवयीचं थोडक्यात. १९८६ साली कॅनडात माँट्रियलच्या दोघा डॉक्टरांनी नव्याण्णव आयांवर पाहिलं. ज्यांनी पोराला दिवसाला आणखी काही तास जवळ वागवलं त्यांची पोरं सहाव्या आठवड्याला ४३ टक्के कमी रडत होती. पुढच्या काही अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, तेव्हा मी त्या आकड्यावर पैज लावणार नाही. पण पोर बिघडलं असं मात्र कुठल्याच अभ्यासात निघालं नाही. जपानी संशोधकांनी २०२२मध्ये सांगितलं की रडणाऱ्या पोराला घेऊन पाच मिनिटं चाला, झोपलं की आणखी पाच ते आठ मिनिटं बसून राहा, मगच खाली ठेवा. आमच्या घरी हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, फक्त मिनिटं कुणी मोजली नव्हती. नाना, सहा महिन्यांच्या पोराला सवय लागते आईबापाची. तीही नको तर मग काय लावायची, बिडीची?

आता घुसमटीचा मुद्दा. इथं नाना बरोबर आहेत, आणि इथं मला थांबून सांगायचं आहे, कारण आमच्याच घरात ते घडता घडता राहिलं.

माझी सासुरवाडी पोलादपूर तालुक्यात. डोंगरातली वाडी, जिथं गाडी थांबते तिथून पुढे पाऊण तास चढ. लेक आषाढात झाली, बायको बाळंतपणाला माहेरी. सहाव्या आठवड्याला लस. ऐन पावसात सासूबाई आणि बायको पोरीला घेऊन खाली उपकेंद्राला निघाल्या. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी केली, खांद्यावरून तिरकी, पोरगी आत आडवी ठेवली आणि भुरभुर लागू नये म्हणून वरून पदर घेतला. पाऊण तास उतार, पाय घसरू नये म्हणून नजर खाली. पोरगी अगदी शांत. किती गुणाची, असं दोघी वाटेत बोलल्या.

उपकेंद्रावर नर्सबाईंनी पदर बाजूला केला आणि एकदम पोरीला उभी धरली. पोरीची हनुवटी छातीला टेकलेली होती. चेहऱ्याचा रंग बरा होता, श्वास चालू होता, पण नर्सबाई रागावल्या त्या अजून बायकोच्या ध्यानात आहेत. तान्ह्या पोराचं डोकं जड आणि मान लुळी. झोळीत पोर वाकलं की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला चिकटते आणि श्वासाची नळी, जी आधीच पेन्सिलीपेक्षाही बारीक, मुडपते. पोर रडत नाही, कारण रडायला श्वास लागतो. म्हणून ते गुणाचं वाटतं.

हे काही आमच्या डोंगराचंच नाही. २०१०च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेनं जाहीर इशारा दिला: वीस वर्षांत पिशवीसारख्या झोळ्यांत किमान चौदा बाळं गेली, आणि त्यांतली बारा चार महिन्यांच्या आतली. त्याच महिन्यात एका कंपनीनं दहा लाख झोळ्या बाजारातून परत घेतल्या. नाना, तुमची घुसमटीची भीती शंभर टक्के खरी आहे. फक्त ती माझ्या पट्ट्यांना लावू नका. ती लागते तुम्ही ज्याला 'आपलं' म्हणून डोक्यावर घेता त्या आडव्या झोळीला. उभं, छातीला छाती लावून, पायांनी बेडकासारखं बांधलेलं पोर आपलं डोकं बाजूला वळवून मोकळा श्वास घेतं. त्याचं तोंड तुम्हाला दिसतं, मान किंचित खाली केली की टाळूचा मुका घेता येतो, आणि हनुवटीखाली दोन बोटं सहज जातात. ती जात नसतील तर थांबा आणि पोराला वर घ्या. चालता चालता पाजलं तर पाजून झाल्यावर पुन्हा सरळ करा. एवढं कळायला बाजारातून काही आणावं लागत नाही.

हे मी पैजेवर सांगतो, कारण नर्सबाईंनी त्या दिवशी केलं ते हेच. त्यांनी सासूबाईंचं तेच लुगडं मागितलं, मध्य छातीवर धरला, दोन्ही टोकं पाठीमागे नेऊन फुलीसारखी खांद्यावरून पुढे आणली, त्यात पोरीला उभी सरकवली, कापड मांड्यांखाली गुडघ्यापर्यंत पसरलं आणि टोकं ढुंगणाखाली आवळून मागे गाठ मारली. दोन मिनिटांचं काम. बायको वर चढली ती दोन्ही हात मोकळे ठेवून, एका हातात काठी आणि दुसऱ्यात छत्री.

आता दुसरी बाजू, कारण नुसत्या नानांशी भांडून भागत नाही. ठाण्याला माझा मेहुणा राहतो, सह्याद्रीत भटकतो. त्याचं म्हणणं की खरा कॅरिअर एकच, ॲल्युमिनियमच्या चौकटीचा, पाठीवरचा, वर छप्पर आणि खाली पाय ठेवायला रिकीब असलेला. वीस हजारांच्या पुढे. लांब चालायला दुसरं काही नाही, असं तो शपथेवर सांगतो. चौकटीचा फायदा मला मान्य आहे. पोर आणि पाठ यांच्यात वारा खेळतो, आणि मे महिन्यात ही छोटी गोष्ट नाही. पण रिकामी चौकटच तीन-साडेतीन किलोची. त्यात पोर बसायचं ते स्वतः बसायला लागल्यावर, म्हणजे सहा-सात महिन्यांच्या पुढे. आणि वजन उंचावर, पाठीपासून लांब, म्हणून ओल्या शेवाळ्याच्या पायरीवर तोल गेला की माणूस मागे जातो. रायगडाच्या पायऱ्या मोजणाऱ्यागणिक चौदाशेपासून सतराशेपर्यंत भरतात. त्या सगळ्या कोरड्या मिळतील असा महिना निवडा आणि खुशाल चौकट लावा. ६ जूनला राज्याभिषेकाच्या गर्दीत तान्ही पोरं घेऊन येणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, १९९६पासून गडावर रोपवे आहे. आणि सहा महिन्यांच्या आतलं पोर घरीच राहिलं तर त्याचा इतिहास काही बुडत नाही.

पण मेहुण्यावर माझा खरा राग चौकटीचा नाही. 'लांब चालणं' म्हटलं की त्याला ट्रेक दिसतो. सहा महिन्यांचं झालेलं, मान धरलेलं, गुटगुटीत पोर, मोकळा रविवार आणि फोटो. आमच्या डोंगरात पोराच्या आयुष्यातल्या पहिल्या लांब वाटा कोणत्या? सहावा आठवडा, दहावा आठवडा, चौदावा आठवडा. लसीच्या वाटा. म्हणजे नेमका तो काळ ज्यात मान लुळी असते आणि हनुवटी छातीला चिकटते, ज्या चार महिन्यांत ती अमेरिकेतली बहुतेक पोरं गेली. ज्या वयात चौकट चालत नाही आणि आडवी झोळी जीव घेऊ शकते, त्याच वयात या बायांना सगळ्यांत लांब चालावं लागतं, पावसात, उतारावर. मेहुण्याला ही वाट माहीत नाही आणि नानांना ती दिसत नाही. दोघं मिळून मला सांगतात की कॅरिअर हा शहरी प्रश्न आहे. शहरात रिक्षा असते.

राहिला 'घरात बाईमाणूस नाही काय' हा प्रश्न. आहे, नाना. ती त्या दिवशी शाळेत शिकवत होती आणि मला सुट्टी होती. दिवसांआधी झालेल्या पोराला उघड्या छातीशी बांधून ठेवायची पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात, बोगोटाच्या एका सरकारी दवाखान्यात सुरू झाली, कारण काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटना तीच पद्धत सगळ्या देशांना सांगते, आणि आई आजारी असेल तर बाप, आजी, कुणीही बांधावं म्हणते. पोराला कातडीची ऊब कळते, ती कुणाची याची चौकशी ते करत नाही. आणि म्हणूनच कॅरिअर घेताना मी एक अट घातली: पट्टे बायकोच्या अंगालाही बसावेत आणि माझ्याही. ज्याचा पट्टा फक्त एकाच मापाला जुळतो तो घेऊन ठेवला की घरात दुसऱ्याचे हात रिकामे राहतात, आणि ते कुणाचे हे मला आणि नानांना दोघांना माहीत आहे. कडेवर पोर घेणारा बाप तुम्हाला दहा पावलं दिसेल. पाच मैल घेणारा बाप बांधल्याशिवाय होत नाही.

एक मागणी आहे आणि ती नानांकडेच आहे, कारण पंचायतीत त्यांचा शब्द चालतो. सरकारी दवाखान्यात पहिलटकरणीला बेबी केअर किट देण्याची योजना आपल्याकडे २०१९पासून आहे. त्यात कपडे, मच्छरदाणी, तेल, नेलकटर असं पुष्कळ असतं. पाच वार सुती कापड त्यात घाला. कापड नसेल तरी चालेल, लुगडी घरोघर आहेत. उपकेंद्रावर ते कसं बांधायचं हे आशाताईंकडून एकदा दाखवून घ्या. आईबरोबर बापालाही बोलवा. भत्ता लागणार नाही.

चौदाव्या आठवड्याची लस मी स्वतः घेऊन गेलो. पाऊस उघडून कोवळी उन्हं पडली होती, वाट अजून निसरडी. उपकेंद्राच्या ओट्यावर वरच्या वाड्यांतल्या पाच बाया बसल्या होत्या. तिघींची पोरं झोळीत आडवी होती, तोंडावर पदर. एकीची सासू माझ्या पट्ट्यांकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती. नर्सबाई हात धुऊन बाहेर आल्या, त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, पहिल्या बाईपुढे उकिडव्या बसल्या आणि पदराखाली दोन बोटं घातली.